पाटलीणबाईंनी पाणी सोबत आणलं होतं

दुपारी डबा उघडला की आमच्या ऑफिसात पहिला घास डब्याच्या मालकाचा नसायचा, पाटलीणबाईंचा असायचा. झाकण निघालं की उजवीकडून एक हात यायचा, सैल पट्ट्याचं घड्याळ आणि बोटावर शिक्क्याची शाई असलेला. भाकरीचा एक कोपरा मोडायचा, भाजीत बुडवायचा आणि आला तसा परत जायचा. विचारणं वगैरे भानगड नाही. नव्या आलेल्या साहेबांच्या डब्यातही त्यांनी पहिल्याच आठवड्यात हात घातला होता आणि "तुमच्या मिसेसले मेथी निवडाचा कंटाळा दिसते" असा शेरा मारला होता. साहेबांनी तो घरी पोचवला असावा, कारण पुढे मेथी नीट निवडलेली यायची. कोणी हटकलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "डबा काही एकट्यानं खाची चीज नाही. एकट्यानं खाची ते फक्त गोळी."

अकोल्याच्या एका सरकारी ऑफिसात त्या आवक-जावकच्या टेबलावर होत्या. आडनाव वेगळंच होतं, पण अकोटकडच्या एका गावच्या पाटलाची लेक म्हणून सगळे पाटलीणबाई म्हणायचे. मी नुसतंच बाई म्हणायचे. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी नोकरी मिळाली, पदरात एक मुलगी. आवाज असा की त्या फोनवर बोलायला लागल्या की फोनची गरज काय, असा प्रश्न पडावा.

मी तिथं लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं घर अमरावतीच्या बौद्ध वस्तीतलं, तिथून मी रोज गाडीनं ये-जा करायचे. आई अंगणवाडीत होती. मी निघताना तिनं एकच सल्ला दिला होता, डबा खिडकीशी बसून खायचा आणि कोणाच्या डब्याकडे पाहायचं नाही. तिच्या तरुणपणी ती ज्या घरी कामाला जायची तिथं तिला चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात मिळायचा, आणि तो कप तिलाच विसळून मागच्या दाराशी ठेवावा लागायचा. तेव्हा हा सल्ला तिनं पुस्तकातून घेतलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी खिडकीशी बसले, अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी काढली, आणि तो शाईचा हात आला. बाईंनी घास चावला, विचार केला आणि म्हणाल्या, "तिखट कमी हाय. तुह्या मायले सांग, वऱ्हाडात राह्यतो आपण."

संध्याकाळी घरी जाऊन मी हे आईला सांगितलं. तिनं हातातली कणीक तशीच ठेवली आणि तीनदा विचारलं, तुझ्या डब्यातून? सगळ्यांसमोर? पाटलाची लेक? दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त यायला लागली आणि भाजी अशी जाळ की माझ्याच डोळ्यांतून पाणी यायचं. पुढची बारा-तेरा वर्षं आई आणि बाई माझ्या डब्यातून एकमेकींशी बोलत होत्या. भेट मात्र झालेली नव्हती.

बाई देवमाणूस होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना एक वाईट खोड होती. "मी काही पाळत नाही," हे वाक्य त्या जरा जास्तच वेळा म्हणायच्या. जो पाळत नाही त्याला ते सांगावं का लागतं, असं मला कधीकधी वाटायचं. एकदा "तुमच्या लोकायची पोरं अभ्यासाले लय पक्की" असंही म्हणाल्या होत्या, कौतुकानंच, पण 'तुमच्या लोकायची' हे मला बोचलं ते बोचलंच. ते मी मनात ठेवलं. मनात ठेवायची आणि वेळ येताच व्याजासकट काढायची, ही खोड माझी.

मग बाई चार-साडेचार महिने रजेवर गेल्या. कारण सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन. आमच्याकडे पन्नाशीच्या बाईनं पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. दर दुसऱ्या घरात कोणाची तरी पिशवी काढलेली असते. नागपूरला बहिणीकडे आराम करते आहे म्हणाल्या. मी दोन-तीनदा फोन केला, तर मुलगीच बोलली.

परत आल्या त्या निम्म्या होऊन. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला. त्या दुपारी मी मुद्दाम भरली वांगी आणली होती. झाकण काढलं, थांबले. हात आला नाही. बाई रेकॉर्डच्या कपाटामागे एका छोट्या डब्यातून मऊ भात आणि ताक खात होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी वांगं घेऊन गेले तर म्हणाल्या, "नको वं, आज नको." उद्याही नको, परवाही नको. चहासुद्धा नको. पाण्याची बाटली सतत सोबत, ऑफिसातल्या माठाला त्या हात लावेनात. आणि मधूनच उठून अंगणापलीकडच्या बाथरूमकडे जायच्या, त्या वीस-वीस मिनिटं यायच्याच नाहीत. सगळ्यांचेच डबे त्यांनी सोडले होते. पण मला दिसला तो फक्त माझा. माणूस दुखऱ्या जागी बोट ठेवून बसलं की त्याला बाकीचं अंग आहे हे आठवत नाही.

त्याच वर्षी अमरावतीत आम्ही दोन खोल्यांवर स्लॅब टाकून नवं घर केलं. वास्तूच्या दिवशी वंदना झाली, मग जेवणं. बाई अकोल्याहून बसनं आल्या, आईला पातळ घेऊन. दारात हात जोडून "जयभीम, माय" म्हणाल्या. आईला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं स्वतः ताट वाढलं. वांग्याची भाजी, पुऱ्या, वरण-भात, बुंदी. नव्या पेल्यात पाणी दिलं. बाईंनी भाताचे दोन घास खाल्ले, बाकीचं ताटात इकडचं तिकडे केलं, पिशवीतून आपली बाटली काढून पाणी प्यायल्या आणि बाथरूम विचारलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या घामानं भिजलेल्या. "निंगा लागते मले," एवढंच बोलल्या आणि गेल्या. आईनं ते भरलेलं ताट उचललं, पेल्यातलं पाणी अंगणातल्या झाडाला नाही, मोरीत ओतलं. संध्याकाळी भांडी पुसताना म्हणाली, "पाणी तिनं सोबत आणलं होतं."

आईच्या या पाच शब्दांनी माझं डोकं फिरलं. 'जयभीम' मी विसरले, बसनं केलेला प्रवास विसरले, पातळ विसरले. सोमवारी मी बुंदीचे लाडू घेऊन ऑफिसात गेले. जेवणाच्या टेबलाशी आम्ही नऊ जण होतो. बाईंना लाडू दिला तर त्यांनी तो कागदात बांधला आणि ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "राहू द्या बाई. आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही, लाडू काय चालणार? वय झालं की जात आठवते म्हणतात, ते खरं आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद सोडला, तिथंच उभ्या राहून तो अख्खा लाडू खाल्ला, तुपाचा, पाकाचा. मग माझी बाटली उचलली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. मला लाज वाटायला हवी होती. मला जिंकल्यासारखं वाटलं. खरं आहे ते हेच आहे.

अर्ध्या तासानं आमची शिपाई ताई माझ्या टेबलाशी आली आणि कानात म्हणाली, बाई बाथरूममध्ये आहेत, तुम्हालाच बोलावलं आहे. अंगण ओलांडून गेले. बंद दाराआडून बाईंचा आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचाच आहे हे कळायला वेळ लागला. "सुजाता, पोचली नाही वं मी इथलोक. नेसाले काही भेटते का पाय." ऑफिसात कुठलं आलं लुगडं. मीटिंगच्या टेबलावर घालायचं हिरवं कापड होतं, ते मी ओढून घेतलं आणि दाराच्या फटीतून दिलं. ते नेसून, वरून माझी ओढणी घेऊन बाई बाहेर आल्या. ज्यांच्यापुढे साहेब दबकायचे त्या बाई मान खाली घालून मागच्या फाटकानं निघाल्या, आणि मी त्यांची पिशवी धरून मागे.

घरी गेल्यावर अंघोळ करून त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, ऑपरेशन पिशवीचं नव्हतं. पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. त्यांनी पदरावरून छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. तिथं काही नव्हतं. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले, आता पाच वर्षं रोज एक गोळी. "त्या बिमारीले आपल्याच आंगातून डबा जाते म्हणे," त्या म्हणाल्या. "ही गोळी तो डबा अडवते." बिमारीचा डबा अडवता अडवता गोळीनं बाईंचाही अडवला होता. सकाळी मळमळ, फोडणीचा वास आला की उमासे, पोट फुगलेलं, आणि कधी काय होईल याचा नेम नाही. डॉक्टरांना सांगितलं का, असं मी विचारलं. नव्हतं सांगितलं. एवढ्या मोठ्या आजारातून वाचवलेल्या माणसाला संडासाच्या गोष्टी कशा सांगायच्या, ही एक लाज, आणि सांगितलं आणि त्यानं गोळीच बंद केली तर, ही भीती. पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, म्हणून बाटली.

मग त्या म्हणाल्या, "तुह्या घरी तरी नीट जेवता याव म्हून दोन दिस गोळीच घेतली नोती. तरी नाही जमलं वं."

ज्या गोळीवर त्यांचा जीव टांगलेला होता ती त्यांनी माझ्या घरच्या दोन पुऱ्यांसाठी सोडली होती, आणि मी त्यांना त्यांची जात काढून दाखवली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं आणि शपथ घातली. हे कोणालाही सांगायचं नाही, माझ्या आईलाही नाही. मुलीसाठी स्थळं पाहणं चाललं होतं. "मायले झालं, उद्या पोरीले होईन, असंच म्हणतीन लोक. माही पोट्टी घरात बसन." मी शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. सुदैवानं त्या दिवशी एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी न हसता, न कंटाळता सगळं ऐकून घेतलं. या गोळीनं पोटाचा त्रास होतो पुष्कळ जणींना, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लाजून गोळी चुकवणं मात्र वाईट, असं म्हणाल्या. गोळी सकाळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यायची, एकदम भरपेट नाही तर थोडं थोडं पाच वेळा खायचं, त्रास वाढला तर येऊन सांगायचं, आपल्या मनानं बंद करायची नाही. मळमळीवर वेगळं औषधही दिलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, एवढंच सांगायला मी आठ महिने लावले.

मग आमची दोघींची एक शाळाच सुरू झाली. उठल्या उठल्या, पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी मूठभर कोरडे मुरमुरे. दहीभात, केळं, मुगाची पातळ खिचडी, बिनतिखटाची कढी. तळलेलं बंद, ठेचा बंद. ठेचा बंद म्हटल्यावर त्यांनी असं तोंड केलं की मला ऑपरेशनपेक्षा त्याचं दुःख जास्त आहे की काय असं वाटलं. कोणाच्या डब्यात ठेचा असला की दुरून विचारायच्या, "वास घेतला तं चालते ना?" पोटाला त्या सरकारी नळ म्हणायच्या, आला तर आला, नाही तर चार-चार दिवस ठणठण. गावात कुठल्या बँकेचं, कुठल्या साडीच्या दुकानाचं बाथरूम स्वच्छ आहे हे त्यांना पाठ झालं होतं, आणि बाहेर निघताना त्या रस्ता त्या हिशेबानं ठरवायच्या. त्रास गेला नाही, पण त्याला वेळापत्रक आलं. गोळी मात्र पुन्हा एकदाही चुकली नाही.

ऑफिसात मात्र माझं वाक्य जागच्या जागी होतं. एकदा बोललेलं काही परत घशात जात नाही. पाटलीणबाई पाळतात, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं. नव्यानं लागलेल्या एका मुलीला कोणीतरी सांगितलं, त्यांना डबा देऊ नको, त्यांना आपलं चालत नाही. बाईंनी ते ऐकलं. मीही ऐकलं. बाई रजिस्टरमध्ये नोंद करत राहिल्या, आणि मी शपथेमागे लपून बसले. निवृत्तीच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. बाईंचा कामाचा उरक, वक्तशीरपणा, मनमिळाऊ स्वभाव, असे मी त्या दोनाचे पुष्कळ शब्द केले. एक शब्द सोडून सगळे.

नंतर माझी अमरावतीला बदली झाली आणि त्या हिवाळ्यात आई गेली. चार दिवसांचा न्युमोनिया, आणि संपलं. तिला मी काही सांगितलं नव्हतं. ते भरलेलं ताट तिच्या डोक्यात तसंच राहिलं.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाई आल्या. आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या. आमच्याकडच्या मुलीनं पाणी फिरवलं. बाईंनी नको म्हटलं आणि पिशवीतून बाटली काढली. माझी मावशी समोरच होती. आईनं तिला वास्तूची गोष्ट कधीतरी सांगितली असणार. ती मुलीला म्हणाली, "त्यायले नको देऊ बापा. आपलं पाणी नाही चालत त्यायले." वीसेक बायकांच्या माना वळल्या. मी तिथं होते, तीन हातांवर, चहाचे कप भरत होते. मी कप भरत राहिले.

बाईंनी बाटली खाली ठेवली. "मले छातीचा कॅन्सर झाला होता," त्या म्हणाल्या, जुन्या आवाजात, शेवटच्या बाईपर्यंत पोचेल अशा. "गोळी चालू हाय, पोट टिकत नाही, म्हून पाणी घरचं उकळून आणतो. ह्या मायच्या हातची भाजी मी बारा वर्सं खाल्ली." आणि फोटोकडे पाहून म्हणाल्या, "तुमाले सांगाचं राह्यलं, माय." मावशीनं उठून त्यांचा हात धरला. त्या बायकांत बाईंच्या नात्यातल्या कोणाच्या तरी ओळखीची एक निघालीच, आणि बातमी पुढे गेली. पंधरा दिवसांत मुलीचं धामणगावचं जमत आलेलं स्थळ पत्रिका जुळत नाही म्हणून मागे सरकलं.

ते सांगायलाच बाईंचा फोन आला. रडत नव्हत्या. मुलगी म्हणते बरं झालं, अशा घरी मीच आजारी पडले असते तर काय केलं असतं. आता लपवायचं काही राहिलं नाही, तूही कोणाला हवं ते सांग, असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू कावून नाही बोलली वं?"

मी म्हटलं, तुम्हीच शपथ घातली होती ना.

"शपथ माह्या बिमारीची होती," बाई म्हणाल्या. "तू चुकली, एवढं सांगाले काय कोणी तोंड दाबलं होतं तुह्यं?"

कोणी दाबलं नव्हतं. आजाराचं नावही न काढता मला ते कुठल्याही दुपारी म्हणता आलं असतं. त्या टेबलाशी बसलेल्या बाकीच्या सात जणांतले सहा अजून त्याच ऑफिसात आहेत, आणि हे लिहिलेलं मी त्यांना पाठवते आहे. पाटलीणबाईंनी कधी पाळलं नाही. चुकले होते ते मी.